दोन दिवसात हिशोब, पंचेचाळीस दिवसात पेमेंट: तुमचे प्रश्न

या वेळचे बरेच प्रश्न व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजवरून आलेत. त्या मेसेजमध्ये निम्मं खरं असतं आणि नेमकी अट गाळलेली असते, म्हणून अटींवरच जास्त बोलतो.

प्रश्न (भोसरी): नमस्कार सर, माझा पॅकिंग बॉक्सचा कारखाना आहे, २६ माणसं आहेत. नवीन लेबर कोडमुळे बेसिक पगाराच्या निम्मं करावंच लागणार, पीएफ वाढणार आणि लोकांच्या हातात कमी पडणार असं सगळे सांगतायत, खरंय का? शिवाय एक मुलगा काम सोडून गेला तो म्हणतो दोन दिवसात हिशोब द्या, आमच्याकडे तर पुढच्या सात तारखेला देतात.

उत्तर: आधी त्या मुलाचा हिशोब करून टाका, तो बरोबर बोलतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, आणि त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे माणसाने राजीनामा देऊ दे नाहीतर तुम्ही काढा, राहिलेला पगार दोन वर्किंग डेमध्ये द्यायचा. ग्रॅच्युइटी बसत असेल तर तिला वेगळे ३० दिवस आहेत.

आता बेसिकचं. बेसिक निम्मं करा असं कायदा म्हणत नाही, तो म्हणतो की घरभाडं, कन्व्हेयन्स, ओव्हरटाइम वगैरे वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले तर वरचा जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. समजा तुमच्या सुपरवायझरचा सगळं मिळून मोबदला ३६,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) १४,०००, बाकी २२,००० भत्ते. निम्मे म्हणजे १८,०००, वरचे ४,००० वेतनात आले, म्हणजे कायद्याच्या नजरेत वेतन झालं १८,०००. पण पीएफ सक्तीने कापायची वेतनाची मर्यादा अजून १५,०००च आहे, त्यामुळे १२ टक्क्यांनी त्याचे १,६८० कापले जायचे ते १,८०० होतील. एकशेवीस रुपये! तेवढेच तुमचेही. यावरून एवढा गोंधळ चाललाय आणि खरा बोजा आहे तिकडे कोणी बघत नाही, तो ग्रॅच्युइटीचा आहे. हाच माणूस दहा वर्षांनी निघाला तर १४,०००च्या हिशोबाने साधारण ८०,८०० द्यावे लागले असते, १८,०००च्या हिशोबाने १,०३,८०० होतात. २६ माणसांचा आकडा अकाउंटंटकडून आत्ताच काढून घ्या. आणि प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र द्या, तेही आता सक्तीचं आहे.

प्रश्न (पुणे): आता एका वर्षात सगळ्यांना ग्रॅच्युइटी मिळते ना? मी एका आयटी कंपनीत दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे, एचआर नाही म्हणतं.

उत्तर: सगळ्यांना नाही. कायम नोकरीवाल्यांना अजून पाच वर्षंच. एका वर्षाची सोय फिक्स्ड टर्मवाल्यांना आहे, म्हणजे कंपनीने स्वतः तुमच्याशी ठराविक मुदतीचा लेखी करार केलाय अशांना. त्यामुळे एचआरशी भांडण्याआधी तुमच्या लेटरवर कोणाचं नाव आहे ते बघा. कंपनीचं असेल आणि मुदत लिहिलेली असेल तर तुमचा मुद्दा जोरात आहे, लेखी मागा. एजन्सीचं असेल तर तुमचा मालक ती एजन्सी, कंपनीच्या एचआरकडे जाऊन उपयोग नाही.

प्रश्न (अंबड, नाशिक): आम्ही मोठ्या कंपनीला मशीनिंग करून पार्ट देतो. पीओवरच (परचेस ऑर्डरवर) पेमेंटला ९० दिवस लिहिलंय, प्रत्यक्षात १२० होतात. पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे म्हणतात, मग पीओवर सही केली त्याचं काय?

उत्तर: पीओवर ९० लिहा नाहीतर १८०, कायद्यापुढे ते चालत नाही. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉलमध्ये (सूक्ष्म किंवा लघु उद्योगात) असाल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. मिडियमला हे संरक्षण नाही, नुसत्या ट्रेडिंगवाल्यालाही नाही. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजू नका, माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि माल पोचल्यावर १५ दिवसात त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर पोचला तोच दिवस धरायचा. म्हणून चलनावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणायची नाही, ड्रायव्हरला बजावून ठेवा. उशीर झाला की आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर जाते हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. त्यापेक्षा टॅक्सचा मुद्दा जास्त चालतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात नियम आला की मायक्रो-स्मॉलचं पेमेंट मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षात धरायचा, रिटर्न भरायच्या आधी पैसे दिले म्हणून आधीच्या वर्षात घेता येत नाही. म्हणजे मार्चअखेर तुमचं बिल मुदत उलटून पडून राहिलं तर टॅक्सचा फटका त्यांना. फेब्रुवारीतच त्यांच्या अकाउंट्सला उद्यम सर्टिफिकेट जोडून शांतपणे मेल करा, खरेदीवाल्या साहेबांना नको, ते नुसतं ‘बघतो’ म्हणतात. तरी हललं नाही तर थकलेल्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज आहेच.

प्रश्न (सांगली): दुकानासाठी सहकारी बँकेचं २२ लाखांचं कर्ज आहे, ते आत्ता फेडून टाकतो म्हटलं तर दोन टक्के चार्ज सांगतात. आरबीआयने हे बंद केलं ना? आणि कागद ३० दिवसात नाही दिले तर दिवसाला पाच हजार मिळतात ना?

उत्तर: तीन गोष्टी बघा. एक म्हणजे कर्ज १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर मंजूर किंवा रिन्यू झालेलं हवं, आधीच्याला हा नियम लागू नाही. दुसरं, व्याज फ्लोटिंग हवं. तिसरं, बँक कुठल्या टियरची, म्हणजे आरबीआयने नागरी सहकारी बँकांचे ठेवींवरून पाडलेत त्यातल्या कुठल्या गटातली. धंद्याच्या कर्जाला टियर ४ म्हणजे सगळ्यात मोठ्या सहकारी बँका चार्ज लावू शकत नाहीत, टियर ३ म्हणजे हजार ते दहा हजार कोटी ठेवींच्या बँका ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर लावू शकत नाहीत, आणि त्याहून छोट्या बँकांना धंद्याच्या कर्जासाठी ही बंदी नाहीये. आपल्याकडच्या बऱ्याच सहकारी बँका त्या छोट्यातच बसतात, हे मला पटत नाही पण नियम तसा आहे. तुमचं कर्ज जानेवारीनंतरचं असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे बँक कर्जाच्या अटी आणि चार्ज लिहून देते तो कागद, काढून बघा, त्यात चार्ज लिहिलेला नसेल तर कुठल्याही बँकेला तो घेता येत नाही.

पाच हजारांचा नियम वैयक्तिक कर्जांना आहे, घरकर्ज वगैरे, दुकानाच्या कर्जाला नाही. त्यामुळे शेवटचा हप्ता भरताना कागद कधी मिळणार ते लेखी घ्या आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) त्याच दिवशी मागा.