२००८ आंबट लागली, दोष कुणाचा?

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझ्या मोठ्या भावाने आम्हाला डॉम पेरिन्यों २००८ या शॅम्पेनची बाटली दिली. दिवसभर फ्रिजमध्ये ठेवली, वर अर्धा तास बर्फाच्या बादलीत, आणि उंच निमुळत्या ग्लासांत ओतली. पहिला घोट घेतला आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. लिंबू आणि खडू! शंभरपैकी गुण देणारे समीक्षक या बाटलीला नव्वदीच्या पुष्कळ वर नेऊन बसवतात. आमची जीभ अडाणी, की बाटली खराब?

उत्तर : दोन्ही नाही. उलट ‘लिंबू आणि खडू’ हे तीन शब्द मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहेत. २००८च्या शॅम्पेनबद्दल मी याहून लांबलचक आणि याहून निरुपयोगी टिपणं वाचली आहेत.

बाटलीवरचं साल द्राक्षांच्या तोडणीचं असतं. त्या वर्षी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात उन्हाळा थंड आणि ढगाळ गेला. सप्टेंबरमध्ये कोरडी उन्हं पडली, रात्री गारच राहिल्या, आणि द्राक्षं पिकली तरी त्यांचा आंबटपणा शाबूत राहिला. या आंबटपणाच्या जोरावरच २००८ची बाटली वर्षानुवर्षं टिकते. डॉम पेरिन्योंवाल्यांनी तर नेहमीचा क्रम मोडून २००९ आधी बाजारात आणली आणि २००८ला आणखी मुरू दिलं. म्हणजे तुम्हाला लागलेलं लिंबू खरंच होतं. चुकलं एवढंच, की त्या लिंबाच्या मागे जे होतं ते तुम्ही बर्फात गाडलंत.

गारठ्यात वास उडत नाही. फ्रिजचे चार अंश, वर बर्फ. ग्लासातून वर यायला काही उरतच नाही आणि जिभेला फक्त आंबट आणि बोचरं तेवढं कळतं. साध्या, तरुण शॅम्पेनला हे चालून जातं. व्हिंटेजला, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला, दहा ते बारा अंश लागतात. आणि तो उंच निमुळता ग्लास! बुडबुड्यांची माळ त्यात छान दिसते, पण नाक आत जात नाही. पांढऱ्या वाइनचा, मध्ये फुगीर आणि तोंडाशी जरा आवळलेला ग्लास घ्या, तो अर्ध्याच्याही खाली भरा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, तोंडावर आपटून शिकले आहे. शॅम्पेन प्रांतातल्या एपर्ने गावात, शॅम्पेन बनवणाऱ्या एका घराण्याच्या चाखण्याच्या खोलीत मला एक जुनी व्हिंटेज ओतून दिली होती, बर्फातून थेट. मी वीसपैकी गुण देते. ऐटीत लिहिलं : ‘आखडलेली, कोरडी. १४.’ तळघर सांभाळणाऱ्या माणसाने वही तिरक्या नजरेने वाचली असावी. तो म्हणाला, ग्लास इथेच राहू द्या, तोवर आपण खाली फिरून येऊ. खाली खडूत खोदलेल्या बोगद्यांत बाटल्यांच्या थप्प्या पाहून अर्ध्या तासाने वर आलो. त्याच ग्लासातून आता भाजलेल्या पावाचा वास येत होता, मागे लिंबाची साल, थोडा धूर. चौदावर काट मारून सतरा केले. त्या माणसाने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

हा पावाचा वास कुठून येतो ते कळलं की चाखण्यातलं अर्धं कोडं सुटतं. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्ये विरघळतो. मग यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन पडून राहतं. हळूहळू ते विरघळायला लागतं, त्यातून लोणी, पाव, भाजक्या बदामाच्या छटा येतात आणि फेस मऊ होतो. कायद्याने साध्या शॅम्पेनला बाटलीत पंधरा महिने काढावे लागतात, व्हिंटेजला तीन वर्षं. डॉम पेरिन्यों गाळावर साधारण आठ वर्षं काढते. शिवाय त्या घराण्याची धाटणीच अशी, की उघडल्याबरोबर आधी धूर आणि नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीचा वास येतो. तो दोष नव्हे, हवा लागली की निवळतो. तुमच्या गारठलेल्या ग्लासात तो निवळलाही नसेल.

खडूचं मात्र जरा वेगळं आहे. तिथली जमीन खडूची आहे हे खरं, आणि तो खडू पाणी धरून ठेवतो म्हणून वेलींना आधार मिळतो हेही खरं. पण मुळं खडू शोषतात आणि तो ग्लासात उतरतो ही कविकल्पना. तोंडात जो पिठूळ कोरडेपणा जाणवला, त्याला तुम्ही खडू म्हणालात. शब्द ठेवा, कारण बदला.

आता पुढच्या वेळेसाठी. ग्लास गरम पाण्याने धुवा. साबणाचा पातळ थर राहिला तर फेस बसतो. बुडबुडे मोजू नका. ते बहुतेक करून ग्लासातल्या सूक्ष्म धाग्यांवर आणि धुळीवर जन्मतात. रॅन्सच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी आयुष्य या बुडबुड्यांवर घालवलं आहे. तेव्हा बारीक माळ दिसली म्हणजे वाइन थोर, असं नाही. कधीकधी ग्लास पुसणारा फडका थोर असतो. पहिल्यांदा ग्लास न हलवता वास घ्या, आणि जे आठवेल ते लिहा, मग ते फुलाचं नाव असो की शाळेतल्या फळ्याचं. घोट तोंडात दोन क्षण धरा. आंबटपणा कुठे जातो ते पाहा : जिभेच्या कडांना टोचून तिथेच संपतो, की चवीला ओढत मागेपर्यंत नेतो? गिळल्यावर मनात आकडे मोजा. पाचाच्या आत सगळं विरलं तर नाव कितीही मोठं असो, माझे गुण खाली येतात. पंधरावर गेलात आणि चव अजून बदलतेच आहे, तर मी खुर्चीत नीट बसते. मग वीस मिनिटं थांबून हे सगळं पुन्हा, त्याच ग्लासावर. माझे खरे गुण या दुसऱ्या फेरीचे.

आणि समीक्षकांचे आकडे स्वतःचे शब्द लिहून झाल्यावरच पाहा. शंभराची ती मोजपट्टी पन्नासापासून सुरू होते, हे एकदा कळलं की नव्वदी एवढी उंच वाटत नाही. माझ्या वहीत २००८ साडेअठरा आहे, आणि तोही अर्धा गुण मी हातचा राखला आहे, कारण तिची चव अजून पुरती खुललेली नाही. भावाला पुन्हा खर्चात पाडता येत असेल तर पाडा.

प्रश्न : १९९६ची शॅम्पेन उघडली तर आवाज जेमतेम झाला, बूच बारीक निघालं आणि रंग सोनेरी होता. फेकून द्यावी का?

उत्तर : थांबा, थांबा! बुचातून वायू वर्षानुवर्षं झिरपत असतो, त्यामुळे जुन्या शॅम्पेनचा फुसका आवाज हा वयाचा परिणाम. बूचही दाबून दाबून फुगणं विसरतं आणि खुंटीसारखं सरळ निघतं. सोनेरी रंग, मध, अक्रोड, ओल्या अळंबीचा वास, अगदी मंद टोचणारा फेस : हे सगळं मला तरी आवडतं. काळजी कधी? रंग तपकिरीकडे झुकला, वास कापलेल्या सफरचंदासारखा शिळा आला आणि चव मध्येच बसली, तर ती गेली. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच खराब होतं. अशी बाटली कितीही उघडी ठेवा, सुधारत नाही. पारदर्शक काचेच्या बाटलीत उकडलेल्या कोबीचा वास आला, तर तिने फार उजेड खाल्ला. रोडरर घराण्याची क्रिस्टल ही शॅम्पेन नारिंगी सेलोफेनमध्ये गुंडाळून येते ती याचसाठी, तेव्हा तो कागद शोभेचा समजून काढून ठेवू नका.

प्रश्न : बुडबुड्यांचा शोध डॉम पेरिन्यों या भिक्षूने लावला ना?

उत्तर : नाही. १६६८मध्ये तो ओव्हियेच्या मठात कोठार सांभाळायला आला, तेव्हा बुडबुडे हा दोष मानला जायचा. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याबद्दल ख्रिस्तोफर मेरेट याने १६६२मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं. पेरिन्यों मोठा होता तो वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांची सांगड घालण्यात, आणि काळ्या द्राक्षांतून स्वच्छ पांढरा रस काढण्यात. ‘मी तारे पितो आहे’ हे वाक्य त्याच्या मृत्यूनंतर फार उशिरा, जाहिरातीतून त्याच्या तोंडी आलं. त्याच्या नावाची बाटली तर १९२१ सालच्या द्राक्षांची, विक्रीला आली १९३६मध्ये.

प्रश्न : उरलेल्या बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवला तर फेस टिकतो का?

उत्तर : चमचा टिकतो. फेसासाठी घट्ट बसणारं शॅम्पेनचं झाकण लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. गारठ्यात वायू विरघळलेला राहतो. व्हिंटेज दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा अधिक बोलकी होते, म्हणून मी एक ग्लासभर मुद्दाम उरवते.