जुन्या घरातली आगा चूल ठेवावी का, आणि तिच्यावरचे रविवारचे रोस्ट खरोखर वेगळे लागते का?

आपण लिहिले आहे की यॉर्कशरमध्ये घेतलेल्या जुन्या घरात तेलावर चालणारी, चार ओव्हनची आगा आहे. कारागीर ती काढून साधा विजेचा ओव्हन बसवायला सांगतो आहे, आणि घर विकणाऱ्या बाई मात्र जाताना ‘रविवारचे रोस्ट हिच्यावरच करा’ असे आवर्जून सांगून गेल्या आहेत. (रोस्ट म्हणजे इंग्लंडमधले रविवारचे भाजलेल्या मांसाचे जेवण.) मी श्रॉपशरमध्ये अशाच चुलीवर चौदा वर्षे स्वयंपाक करते आहे. माझे मत असे आहे की निदान एक हिवाळा ती काढू नका. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण त्याचे कारण समजून घेतले तरच पहिल्या प्रश्नाचा निर्णय नीट करता येईल.

आगा ही मुळात उष्णता साठवून ठेवणारी चूल आहे. आत एकच लहान ज्योत सतत जळत असते, तिची धग काही शे किलो ओतीव लोखंडात मुरते, आणि भोवतीच्या जाड उष्णतारोधक थरामुळे ती सहजासहजी बाहेर पडत नाही. त्यामुळे हिला आच कमी-जास्त करायची बटणे नाहीत. आपण आच बदलत नाही, भांड्याची जागा बदलतो. ज्यांनी आजोळी मातीची चूल पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल: मुख्य चुलीवर भात उकळी घेत असे आणि शेजारच्या वैलावर आमटी मंद रटरटत राही, दोन्हींना जाळ एकच. आगाच्या वरच्या दोन गोल तव्यांचे नाते नेमके तेच आहे. डावीकडचा उकळीचा आणि उजवीकडचा, आपल्या वैलासारखा, मंद शिजवण्याचा. चार ओव्हनपैकी रोस्टिंगचा सर्वांत कडक, साधारण 230 ते 240 अंश सेल्सिअस; त्याखाली बेकिंगचा, 180च्या आसपास; मग मंद शिजवण्याचा, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जरा वर; आणि चौथा केवळ ताटे गरम ठेवण्यापुरता.

ही कल्पना स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांची. समुद्रातल्या दीपगृहांचे दिवे माणसाशिवाय लागावेत आणि विझावेत यासाठी त्यांनी केलेल्या स्वयंचलित नियंत्रकांना 1912 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. घरी असताना पत्नीची चुलीपाशी होणारी दमछाक त्यांना जाणवली, असे सांगतात. त्यातून 1922 मध्ये ही चूल आली आणि त्यांच्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. 1929 मध्ये ती ब्रिटनमध्ये पोहोचली आणि या देशाने तिला इतके आपलेसे केले की ती परदेशी आहे हे आज पुष्कळांना ठाऊकही नसते. तिचे लोखंडी भाग अनेक दशके आमच्या श्रॉपशरमधल्या कोलब्रूकडेलला ओतले जात. एब्राहम डार्बी यांनी 1709 मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवले ते हेच गाव. तिथला ओतकामाचा कारखाना 2017 मध्ये बंद झाला. आपल्या स्वयंपाकघरातली चूल बहुधा तिथलीच असेल, आणि ती भंगारात देण्याआधी हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता रोस्टविषयी. पूर्वी इंग्लंडमध्ये मांस सळईला लावून उघड्या विस्तवासमोर फिरवत भाजत, आणि खाली ठेवलेल्या पसरट भांड्यात त्याची चरबी ठिबकत असे. त्याच चरबीत पिठाचे सरसरीत मिश्रण भाजून केलेला पदार्थ म्हणजे यॉर्कशर पुडिंग. हॅना ग्लास यांच्या 1747च्या पाकपुस्तकात तो याच नावाने आहे. तो आधी ग्रेव्हीबरोबर वाढत, म्हणजे पोट थोडे भरे आणि महागडे मांस सर्वांना पुरे. आज ओव्हनमध्ये होते ते काटेकोरपणे पाहता भाजणे नसून बेक करणे आहे. आगाच्या ओव्हनमध्ये मात्र त्या जुन्या भाजण्याचा काही अंश उरला आहे, कारण तिथे पंख्याने फिरवलेली कोरडी हवा नसते. तापलेले लोखंड सर्व बाजूंनी सारखी धग देत राहते. मांसाला वरून खरपूस रंग येतो आणि आतला रस टिकतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये कोकराची तंगडी मी कितीदा तरी केली आहे. तिची वरची साल चांगली होते, पण कडेचे मांस लवकर कोरडे पडते.

आमच्या घरी गोमांस शिजत नाही, म्हणून मी कोकराच्या तंगडीचे सांगते. दोन किलोची तंगडी दोन तास आधी फ्रिजबाहेर काढावी, सुरीने टोचून त्यात लसणाच्या पाकळ्या आणि रोझमेरी खोचावी, मीठ चोळावे. पहिली वीस-पंचवीस मिनिटे रोस्टिंग ओव्हनमध्ये आणि मग बेकिंग ओव्हनमध्ये, एकूण सुमारे दीड तास. घड्याळापेक्षा मांसात खुपसायच्या तापमापकावर विश्वास ठेवा: आतले तापमान 60 अंशांवर आले की बाहेर काढा आणि सैल झाकून अर्धा तास तसेच राहू द्या. या अर्ध्या तासात तापमान आणखी थोडे चढते आणि रस मांसात पुन्हा मुरतो. नवखे लोक इथे घाई करतात आणि तो सगळा रस कापायच्या फळीवर वाहून जातो.

बटाटे मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड जातीचे घ्यावेत, कारण ते पिठूळ असतात. आठ-दहा मिनिटे उकडून पाणी पूर्ण निथळावे, पातेल्यावर झाकण धरून हलवावे म्हणजे कडा खरबरीत होतात, आणि मग कडकडीत तापलेल्या चरबीत, किंवा माझ्यासारखे तेलात, टाकावेत. त्यांचा ट्रे जाळीवर नव्हे, थेट रोस्टिंग ओव्हनच्या तळावर ठेवावा. बटाट्याच्या बुडाला जो कुरकुरीतपणा तिथे येतो तो साध्या ओव्हनमध्ये मला कधीच साधला नाही. मांस बाहेर विसावत असताना त्याच ओव्हनमध्ये पुडिंग करावे. अंडी, मैदा आणि दूध समान मापाने फेटून मुरत ठेवलेले मिश्रण धुरावलेल्या तेलात ओतले की पाण्याची वाफ होऊन ते फुगते आणि अंड्यातली प्रथिने तो आकार धरून ठेवतात. वीस मिनिटे दार उघडू नये. गाजरे आणि पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंद) वरच्या तव्यावर पाच मिनिटे उकळून, पाणी काढून मंद ओव्हनमध्ये सरकवावीत. ती तिथे निमूटपणे शिजतात. शेवटी भाजण्याच्या ट्रेमध्ये चिकटलेला अर्क चमचाभर मैदा आणि बटाट्यांचे पाणी घालून खरवडला की ग्रेव्ही झाली. सोबत पुदिन्याचा सॉस हवाच. पुदिना, साखर आणि व्हिनेगर, एवढेच. आपल्या चटणीची ही बिनमिरचीची बहीणच म्हणायची.

या जेवणाचा खरा कस एकेका पदार्थात नसून सहा-सात पदार्थ एकाच वेळी गरम ताटात येण्यात आहे. चार वेगवेगळ्या आचेचे ओव्हन एकाच वेळी तयार असतात तेव्हा ती कसरत राहत नाही, तिला एक लय येते. मला ही लय शेजारच्या शेतावरच्या आजींनी शिकवली. मार्चमध्ये थंडीने गारठलेले नवजात कोकरू आजी फडक्यात गुंडाळून उघड्या कोमट ओव्हनपाशी ठेवत आणि वरच्या तव्यावर चहाचे आधण चढवत. त्या घरात शिरले की सगळे जण आधी चुलीला पाठ टेकत असत.

आमच्या घरीही तिचा उपयोग रविवारपुरता नाही. इंग्लंडच्या जानेवारीत दही लागते ते तिच्याजवळ, इडलीचे पीठ फुगते ते तिच्याशेजारच्या ओट्यावर, रात्री मंद ओव्हनमध्ये ठेवलेले हरभरे सकाळी लोण्यासारखे मऊ असतात, आणि पोळ्या मी थेट उजव्या तव्यावर भाजते.

दोष मात्र आहेत. चोवीस तास जळणाऱ्या चुलीला तेल पुष्कळ लागते, उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापते, आणि झाकणे वारंवार उघडी ठेवली तर ऐन वेळी ओव्हन थंडावतात. म्हणून शक्य ते सर्व आत शिजवावे. ओव्हनमधला वास धुराड्यातून बाहेर जातो, त्यामुळे आत काही करपले तरी नाकाला कळत नाही. एकदा माझे बदाम दोन दिवसांनी कोळसा होऊन सापडले. घर फक्त शनिवार-रविवारी वापरणार असाल तर मीही विजेच्या ओव्हनचाच सल्ला देईन. जुन्या आगाला विजेची यंत्रणा बसवून हवी तेव्हा ती बंद करण्याची सोयही आता होते. खर्च परवडत असेल तर आपल्यासाठी तो मधला मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो.

पेटवण्यापूर्वी तेलाच्या चुलींची माहिती असलेल्या नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून बर्नर आणि धुराडे तपासून घ्या, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावा. पहिले रोस्ट रविवारी करायचे असेल तर चूल शुक्रवारीच पेटवा. एवढे लोखंड पूर्ण तापायला जवळजवळ एक दिवस जातो, आणि समोरच्या तापदर्शकाचा काटा काळ्या रेषेवर स्थिरावल्याशिवाय तंगडी आत ठेवू नका.