ट्यूब माइक प्रीॲम्पमध्ये खरखर येते, कोणती ट्यूब घालावी?

कोणती घालावी ते नंतर. ट्यूबच गेली आहे हे कशावरून? तुम्ही लिहिलंय की अर्ध्या तासाने एकाच चॅनेलमध्ये खरखर सुरू होते, आणि दुकानदार म्हणाला जुन्या युरोपियन स्टॉकची १२ एएक्स ७ (ट्यूबचा एक प्रकार) टाका, आवाजाला 'ऊब'ही येईल. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

२०१९ चा जुलै. पुण्यात मी आणि माझा मेहुणा मिळून एक छोटा स्टुडिओ चालवतो. दोन चॅनेलचा प्रीॲम्प (माइकचा बारीक आवाज वाढवणारी पेटी), चॅनेलला एकेक ईसीसी ८३ (म्हणजे तुमची १२ एएक्स ७च). एक कीर्तनकार बुवा हरिपाठ रेकॉर्ड करायला आले होते. चौथ्या अभंगाला हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी पडल्यासारखं तडतडलं. बुवांना वाटलं पाऊस वाढला. मेहुण्याने रॅकच्या जाळीतून डोकावून जाहीर केलं, "दाजी, ट्यूब गेली."

माझे बाबा आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करायचे. बंगळुरूच्या बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या) व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्याच, खोक्यांनी घरातलं अर्धं कपाट अडलेलं असायचं. (ट्यूब हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.) ते म्हणायचे, व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो, पेटतो, म्हणून पहिला आळ त्याच्यावर येतो. मी म्हटलं, दोन्ही ट्यूब अदलाबदल करून बघू, दहा मिनिटांचं काम. पण तोवर मोबाईलवरून ऑर्डर गेलीसुद्धा. जुन्या जर्मन स्टॉकची जोडी, साडेचौदा हजार, स्टुडिओच्या खात्यातून. त्या खात्याला माझ्या सहीची गरज नाही हे मला त्या दिवशी कळलं. मी चिडलो आणि प्रीॲम्पला हातच लावला नाही. ते चुकलंच माझं. पार्सल यायला बारा दिवस लागले, बुवांनी तोवर उरलेला हरिपाठ दुसरीकडे उरकला.

जर्मन ट्यूब बसली. वीस-पंचवीस मिनिटं आवाज अगदी स्वच्छ. मेहुणा माझ्याकडे बघून नुसता हसत होता. मग मोहरी.

आता मात्र मी डाव्या-उजव्या ट्यूबची अदलाबदल केली. खरखर ट्यूबबरोबर दुसऱ्या चॅनेलला गेली तर ट्यूब दोषी, जागेवर राहिली तर नाही. राहिली. माइक बदलला, केबल बदलली, तरी तिथेच. शेवटी झाकण काढून, प्रीॲम्प चालू ठेवून, बायकोच्या प्लास्टिकच्या विणकामाच्या सुईने एकेक पार्ट हळूच दाबत गेलो. प्लेटला (ट्यूबच्या आतल्या, जास्त व्होल्ट मिळणाऱ्या पत्र्याला) जोडलेला १०० किलोओमचा जुना कार्बन रेझिस्टर दाबला आणि स्पीकर कडाडला. बारीकसा तपकिरी पार्ट, एका टोकाशी जरा काळवंडलेला. थंड असताना गुमान बसायचा, तापला की बोलायचा. तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एक वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर आणला. किंमत सांगत नाही, साडेचौदा हजारांच्या शेजारी बरी दिसत नाही.

आता 'ऊब'. मेहुण्याचं म्हणणं, खरखर गेली ते ठीक, पण जर्मन ट्यूबने आवाज 'उघडला'. मी बुवांचंच एक रेकॉर्डिंग सारख्या लेव्हलवर दोन्ही ट्यूबमधून फिरवलं आणि नावं लपवून त्याला सहा वेळा ऐकवलं. तीन बरोबर, तीन चूक. त्यावर तो म्हणाला, तुमचे स्पीकरच बसके आहेत.

तुमचा प्रीॲम्प स्वस्तातला असेल तर हा वादसुद्धा निरर्थक आहे. तसल्या पुष्कळ पेट्यांत प्लेटला अडीचशेच्या जागी थोडेसेच व्होल्ट देतात आणि खरं गेन (आवाजाची वाढ) आयसीतून, म्हणजे चिपमधून, काढतात. काहींत तर ट्यूबच्या मागे नारिंगी एलईडी लावलेला असतो, पेटल्यासारखी दिसावी म्हणून. त्यात जर्मन घाला नाहीतर चिनी.

तेव्हा आधी अदलाबदल करा. एकच ट्यूब असेल तर साधी नवी, चालू उत्पादनातली आणून लावून बघा. ट्यूब काढताना सरळ वर ओढा, किंचित डोलवत. पिळलीत तर पिना वाकतात. सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ट्यूब चार-पाच वेळा आतबाहेर करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. चालू असताना पेन्सिलीने काचेवर टिचकी मारा. थोडा टकटक आवाज सगळ्याच देतात, पण टिंग्ग करून घुमत राहिली तर ती मायक्रोफोनिक झाली (माइकसारखी हादरे पकडायला लागली), बदला. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, खेळ खलास. घूं असा आवाज असेल तर ती वेगळी भानगड आहे. १०० हर्ट्झचा असला तर पॉवर सप्लायच्या कपॅसिटरकडे (वीज साठवणाऱ्या पार्टकडे) बघा. आणि पावसाळ्यात कंडेन्सर माइक दमट झाला की तोही असाच तडतडतो. त्याला रात्रभर सिलिका जेलबरोबर डब्यात ठेवा.

कमी गेन हवं असेल तर ईसीसी ८२ त्याच सॉकेटमध्ये बसते. ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० च्या जागी वीसच्या आतबाहेर. ईसीसी ८८ मात्र नको. तिलाही नऊच पिना, पण हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी.

खरं सांगायचं तर पुढच्याच वर्षी आमच्या उजव्या चॅनेलची जुनी ट्यूब खरंच मायक्रोफोनिक झाली. दुसरी हाताशी नव्हती, म्हणून तिथे जर्मन जोडीतली एक लावली. आजही तीच आहे. मेहुणा येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

हे आधी लिहायला हवं होतं: झाकण उघडायचं तर प्लग काढूनही कपॅसिटरमध्ये बराच वेळ अडीचशे-तीनशे व्होल्ट राहू शकतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटर लावून खात्री करा, मगच हात घाला. माझा सुईचा प्रयोग चालू मशीनवरचा होता. सवय नसेल तर तो करूच नका, जाणत्या माणसाकडे द्या. बाबा रेडिओ उघडला की डावा हात पाठीमागे धरून काम करायचे, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जाऊ नये. लहानपणी मला वाटायचं, ती त्यांची ऐट आहे.