लायोनेल बार्ट आणि ‘एकाच नाटकाचा माणूस’ हा शिक्का

तुम्ही लंडनला गिलगुड थिएटरमध्ये ‘ऑलिव्हर!’ हे डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरीवरचं म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, पाहिलंत आणि नंतर संगीतकाराचं नाव शोधलंत. जिथे तिथे एवढंच सापडलं की लायोनेल बार्टला नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहिण्याची लिपी, येत नव्हतं, एका नाटकानं तो गडगंज झाला, सगळं उधळलं आणि कंगाल झाला. हे कितपत खरं, त्याचं बाकीचं काम ऐकण्यासारखं आहे का आणि असलं सोन्यासारखं नाटक कुणी विकतं का, हे तुमचे तीन प्रश्न.

नोटेशन येत नव्हतं हे खरं आणि कंगाल झाला हेही खरं. पण एकाच नाटकाचा माणूस म्हणणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि मला तो नेहमी खुपतो. ‘ऑलिव्हर!’चा पडदा वर गेला तेव्हा बार्टच्या नावावर ब्रिटिश रॉकची सुरुवातीची हिट गाणी होती आणि लंडनमध्ये गाजलेली दोन नाटकं होती. ‘ऑलिव्हर!’ लिहिणारा हात त्या कामावर तयार झाला होता, म्हणून आधी तिकडे जाऊ.

जन्म १ ऑगस्ट १९३०चा, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या स्टेपनीतला. मूळ आडनाव बेगलायटर. आईवडील पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आलेले ज्यू, वडील शिंपी, घरात भावंडांची रांग आणि हा शेंडेफळ. सहा वर्षांचा असताना एका शिक्षकानं याच्यात संगीताची देणगी आहे असं सांगितलं म्हणून वडिलांनी जुनं व्हायोलिन आणून दिलं, पण पोराचं मन लागेना आणि शिकवणी बंद पडली. त्याच्या संगीतशिक्षणाची कथा इथेच संपते. पण कान उघडे होते. त्या वस्तीत यिडिश या ज्यूंच्या भाषेतली गाणी होती, सिनेगॉगमधल्या प्रार्थना होत्या, म्युझिक हॉलची ठसकेबाज गाणी होती आणि पेटिकोट लेनच्या बाजारात भाजीवाल्यांपासून कापडवाल्यांपर्यंत प्रत्येकाची वेगळी आरोळी होती. बार्टचं जे जे संगीत टिकलं त्याचं मूळ या आवाजांत शोधावं असं माझं ठाम मत आहे.

पुढे सेंट मार्टिन्स या कलाशाळेत चित्रकला, हवाई दलातली सक्तीची सैनिकी सेवा आणि मित्राबरोबर हॅकनीत स्क्रीन प्रिंटिंगचा छापखाना. संध्याकाळी युनिटी थिएटर. ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था, दिवसभर पोटापाण्याचं काम करणारी माणसं तिथे रात्री नाटक करायची. बार्ट नेपथ्य रंगवायला मदत करता करता गाणी लिहायला लागला. १९५३मध्ये तिथल्या ‘सिंड्रेला’साठी त्यानं गाणी दिली. समोरच्या माणसाला पहिल्याच ऐकण्यात कळलं पाहिजे आणि मध्यंतरात गुणगुणता आलं पाहिजे, ही शिस्त अशा ठिकाणी आपोआप लागते.

मग सोहोतला टू आइज कॉफी बार. १९५६मध्ये टॉमी स्टील, माइक प्रॅट आणि बार्ट या तिघांनी ‘रॉक विथ द केव्हमन’ केलं आणि स्टील रातोरात तारा झाला. अमेरिकेतून आलेल्या रॉकची ती थोडी थट्टाच होती, पण इंग्रज पोरांना आपल्या रस्त्यावरचा आपला आवाज तिथे मिळाला. १९५९मध्ये क्लिफ रिचर्डचं ‘लिव्हिंग डॉल’ पहिल्या क्रमांकावर गेलं. वर्तमानपत्रातली बाहुलीची जाहिरात पाहून दहा मिनिटांत गाणं झालं असं बार्ट सांगायचा. हेच गाणं १९८६मध्ये नव्या, विनोदी रूपात पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. १९५७ ते १९६० या काळात त्याला मिळालेले आयव्हर नोव्हेलो, म्हणजे ब्रिटिश गीत-संगीत रचनेचे, पुरस्कार मोजले तर नऊ भरतात. म्हणजे ‘ऑलिव्हर!’ला बाजूला ठेवलं तरी ब्रिटिश पॉपच्या इतिहासात त्याला जागा द्यावीच लागते.

आता नोटेशन. बार्ट चाल गुणगुणायचा, शीळ घालायचा, ताल हातानं दाखवायचा, आणि शिकलेला संगीतकार ते कागदावर उतरवायचा. ‘ऑलिव्हर!’साठी हे काम आणि वाद्यवृंदाची बांधणी एरिक रॉजर्सनं केली. पुढे ‘कॅरी ऑन’ चित्रपटांचं संगीत ज्यानं दिलं तोच हा. काही जण यावरून बार्टचं श्रेय कमी करू पाहतात. मला ते पटत नाही. चाल, शब्द आणि तो शब्द कुठल्या सुरावर पडेल हा निर्णय बार्टचा होता. पियानोवर बसून रचणाऱ्याचा हात सवयीच्या स्वरसमूहांकडे वळतो. बार्ट थेट गळ्यातून रचत असल्यामुळे त्याच्या ओळी बोलल्यासारख्या चालतात आणि श्वास जिथे हवा तिथेच तुटतात. शाळेतली मुलंसुद्धा त्याची गाणी सहज म्हणतात याचं मोठं कारण हे आहे.

नाटकाकडे तो खऱ्या अर्थानं वळला दिग्दर्शिका जोन लिटलवूडमुळे. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये ती थिएटर वर्कशॉप चालवायची. संहिता पवित्र मानायची नाही, नटांकडून प्रसंग खेळून घ्यायचे, तालमीत जे जिवंत वाटेल ते ठेवायचं, अशी तिची रीत. तुरुंगवास भोगून आलेल्या फ्रँक नॉर्मननं सोहोच्या जुगारी अड्ड्यावर एक छोटं नाटक लिहिलं होतं, त्यात गाणी नव्हती. लिटलवूडनं बार्टला बोलावलं. १९५९मध्ये ‘फिंग्ज एन्ट वॉट दे यूज्ड टु बी’ रंगमंचावर आलं आणि नंतर वेस्ट एंडमध्ये, लंडनच्या मुख्य नाट्यवस्तीत, गॅरिक थिएटरला गेलं. वेश्या, दलाल, भुरटे चोर यांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी गाण्यात आली होती. त्याच वर्षी मर्मेड थिएटर सुरू झालं ते ‘लॉक अप युअर डॉटर्स’नं. त्यात संगीत लॉरी जॉन्सनचं आणि गीतं बार्टची. दुसऱ्याच्या चालीवर नेमके शब्द बसवणं त्याला किती जमत होतं हे पाहायचं असेल तर ते ऐका.

आणि मग ३० जून १९६०, न्यू थिएटर, म्हणजे आजचं नोएल कावर्ड थिएटर. त्याआधी बऱ्याच निर्मात्यांनी ‘ऑलिव्हर!’ नाकारलं होतं. अनाथाश्रम, चोऱ्या, खून, यावर कसलं म्युझिकल, असा सूर होता. डोनाल्ड आल्बेरीनं जोखीम घेतली. दिग्दर्शक पीटर को, नेपथ्य शॉन केनीचं. लाकडी जिने, तुळया आणि मजले फिरत्या मंचावर वळत आणि एका दृश्यातून दुसरं दृश्य प्रेक्षकांसमोरच उघडत जाई. त्यामुळे गाणं संपलं की अंधार करून सामान बदलायची गरज उरली नाही आणि कथा वाहती राहिली. पहिला मुक्काम २,६१८ प्रयोगांचा झाला. हा वेस्ट एंडमधल्या म्युझिकलचा विक्रम पुढे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’नं मोडला. ब्रॉडवेवर १९६३मध्ये नाटक गेलं, ७७४ प्रयोग झाले आणि बार्टला संगीत-गीतांसाठी टोनी हा अमेरिकन नाट्यपुरस्कार मिळाला. १९६८चा कॅरल रीडचा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला.

तुम्ही नुकतंच पाहिलंय म्हणून एक गोष्ट सांगतो, पुन्हा ऐकाल तेव्हा लक्ष द्या. फेगिनचं ‘रिव्ह्यूइंग द सिच्युएशन’ घ्या. म्हातारा चोर सुधारण्याचा विचार करतो, प्रत्येक वेळी एका अडचणीशी येऊन थांबतो आणि परत फिरतो. चाल हळू सुरू होते, वेग घेते, धापा टाकते आणि पुन्हा मूळ जागी येते. ते व्हायोलिन, ती यिडिश वळणं स्टेपनीची आहेत. डिकन्सनं फेगिनला फासावर चढवलं, बार्टनं त्याला जिवंत सोडलं. कादंबरीतलं ते ज्यू पात्र लोकांच्या मनात द्वेषाचं चित्र होऊन बसलं होतं. ईस्ट एंडच्या एका ज्यू मुलानं त्याला विनोद, भीती आणि म्हातारपणाची काळजी दिली, आणि पहिला फेगिन रॉन मूडी हाही ज्यूच होता. हे मी बार्टचं सगळ्यात मोठं काम मानतो. दुसरं, ‘हू विल बाय’. दूधवाली, गुलाबवाली, स्ट्रॉबेरीवाली, एकेक आरोळी सुटी येते आणि हळूहळू एकमेकींत विणली जाते. बाजारात वाढलेल्या माणसालाच हे सुचावं.

नॅन्सीच्या ‘ॲज लाँग ॲज ही नीड्स मी’वर आज आक्षेप घेतला जातो, मारणाऱ्या पुरुषाची ती पाठराखण करते म्हणून. आक्षेप गंभीर आहे. पण नाटकात ते गाणं ती मार खाल्ल्यावर गाते आणि पुढे त्याच हातून मरते, हे प्रेक्षक विसरू शकत नाही. शर्ली बॅसीच्या रेकॉर्डमध्ये तो संदर्भ गळून जातो आणि उरतं ते नुसतं प्रेमगीत. म्हणून ते नेहमी नाटकाच्या रेकॉर्डवरच, जॉर्जिया ब्राउनच्या आवाजात ऐकावं.

नंतरच्या दोन नाटकांबद्दल लोक फार कमी बोलतात. १९६२चं ‘ब्लिट्झ!’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातलं ईस्ट एंड, पेटिकोट लेनमधली एक ज्यू बाई आणि तिचा शेजारचा वैरी. केनीचं नेपथ्य इतकं प्रचंड की माणसं त्यात हरवतात अशी तक्रार झाली. दिग्दर्शनही बार्टनं स्वतःकडे घेतलं होतं. तरी ५६८ प्रयोग झाले. १९६४चं ‘मॅगी मे’ लिव्हरपूलच्या गोदीचं, लेखक ॲलन ओवेन, प्रमुख भूमिकेत रेचल रॉबर्ट्स. तेही ५०१ प्रयोग चाललं आणि त्यातली चार गाणी ज्युडी गार्लंडनं रेकॉर्ड केली. मधल्या काळात बाँडपटासाठी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’चं शीर्षकगीत, मॅट मन्रोच्या आवाजातलं. हे सगळं एका नाटकाच्या माणसाचं काम आहे का, तुम्हीच सांगा.

घसरण १९६५ला झाली. ‘ट्वँग!!’ हे रॉबिन हूडवरचं विडंबन. संहिता पक्की नव्हती, मँचेस्टरच्या पूर्वप्रयोगांतच गोंधळ उडाला, दिग्दर्शन करणारी लिटलवूड सोडून गेली, नवा माणूस डागडुजीला आणला. लंडनमध्ये ४३ प्रयोगांत खेळ आटोपला. बाकीच्यांनी पैसा काढून घेतला तेव्हा बार्टनं स्वतःचा ओतला. तिथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हातात रोकड हवी म्हणून त्यानं आपल्या कामाचे झालेले आणि पुढे होणारे हक्क विकले, ‘ऑलिव्हर!’सकट. ‘ऑलिव्हर!’चे हक्क गायक-विनोदवीर मॅक्स बायग्रेव्ह्जनं अवघ्या ३५० पौंडांना घेतले आणि पुढे अडीच लाखांना विकले, हा आकडा बार्टच्या प्रत्येक चरित्रलेखात येतो. आपलं दहा लाख पौंडांहून जास्त नुकसान झालं असा त्याचा स्वतःचा अंदाज होता.

का विकलं? पार्ट्या, दारू, मादक पदार्थ, मित्रांना वाटलेले पैसे, हे सगळं होतंच. पण मला वाटतं मुख्य कारण वेगळं आहे. सलग यश मिळालेल्या माणसाला पुढचं नाटकही चालणारच असं वाटतं, आणि जुनं नाटक म्हणजे संपलेलं उत्पन्न वाटतं. १९६५मध्ये ‘ऑलिव्हर!’ पाच वर्षांचं जुनं नाटक होतं. चित्रपट अजून यायचा होता. शाळाशाळांतून, गावोगावच्या हौशी मंडळांतून ते पन्नास-साठ वर्षं होत राहील हे त्याला दिसलं नाही. म्युझिकलचं खरं उत्पन्न मात्र तिथूनच, पुन्हापुन्हा होणाऱ्या प्रयोगांच्या परवान्यांतून येतं.

आणि ‘ट्वँग!!’ पडलं का, तर नुसती दारू हे कारण मला पुरत नाही. बार्टची चाललेली नाटकं पाहा: स्टेपनी, सोहो, डिकन्सचं लंडन. लिव्हरपूल त्याचं नव्हतं, पण तिथे लिव्हरपूलचा लेखक सोबत होता. रॉबिन हूडच्या शेरवुड जंगलात त्याच्या कानाला ओळखीचं काहीच नव्हतं, आणि हे नको, ते काढ असं सांगणारं माणूसही उरलं नव्हतं. १९६९मध्ये फेलिनीच्या चित्रपटावरचं त्याचं ‘ला स्ट्राडा’ ब्रॉडवेवर एका प्रयोगात बंद झालं. तेही परक्या मातीतलं.

१९७२मध्ये ७३,००० पौंडांच्या कर्जासह दिवाळं निघालं. पुढची वर्षं व्यसन, मधुमेह आणि यकृताचा आजार यांत गेली. नंतर तो सावरला, दारू सोडली, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनला एका दुकानावरच्या छोट्या घरात राहिला. १९८९मध्ये एका गृहकर्ज संस्थेच्या जाहिरातीसाठी त्यानं गाणं केलं आणि त्यात स्वतः मुलांबरोबर दिसला. तरुण पिढीनं त्याचा चेहरा तेव्हा प्रथम पाहिला. १९९४मध्ये निर्माता कॅमेरन मॅकिंटॉशनं लंडनच्या पॅलेडियम थिएटरला ‘ऑलिव्हर!’ भव्य स्वरूपात आणलं, दिग्दर्शक सॅम मेंडिस. मॅकिंटॉश तरुणपणी याच नाटकाच्या दौऱ्यात रंगमंच-सहायक होता. कायद्यानं देणं लागत नसतानाही त्यानं बार्टला त्या निर्मितीच्या उत्पन्नात वाटा दिला, आणि बार्टनं तिच्यासाठी काही शब्द-सूर नव्यानं लिहिले. ३ एप्रिल १९९९ला कर्करोगानं तो गेला. अँड्र्यू लॉइड वेबरनं त्याला आधुनिक ब्रिटिश म्युझिकलचा जनक म्हटलं आहे, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर चित्रपटाच्या रेकॉर्डपेक्षा १९६०च्या लंडन संचाची ‘ऑलिव्हर!’ आधी घ्या. चित्रपटातला वाद्यवृंद फार गुळगुळीत आहे. मग ‘फिंग्ज’, पण नाटकाच्या संचाचं. मॅक्स बायग्रेव्ह्जचं शीर्षकगीत जास्त प्रसिद्ध असलं तरी त्यातले शब्द सौम्य करून घेतले आहेत. त्यानंतर ‘मॅगी मे’. तुम्ही लंडनमध्येच आहात, तर स्ट्रॅटफर्डचं थिएटर रॉयल अजून चालू आहे, तिथला एखादा प्रयोग जरूर पाहा. आणि ‘ट्वँग!!’ची रेकॉर्ड शेवटी ऐका, इतर सगळं ऐकून झाल्यावरच.