वाचकांचे प्रश्न : रंग नसलेले लोखंड गंजू नये म्हणून

प्रश्न : जुन्या गाडीचे काम नुकतेच पूर्ण केले. ॲक्सिलरेटरचे लिंकेज, डिपस्टिकची नळी आणि काही ब्रॅकेट मुळात बिनरंगाचे होते, म्हणून तसेच ठेवायचे ठरवले. बफ करून वर क्लिअर लॅकर मारले. सहा महिन्यांत लॅकरखाली केसासारख्या तपकिरी रेघा पसरल्या. लॅकर पातळ झाले का?

उत्तर : जाड मारले असते तरी हेच झाले असते. बफ केलेल्या गुळगुळीत पोलादावर लॅकरची पकड मुळातच कच्ची असते. कडेला किंवा भोकाच्या काठावर थर पातळ राहतो, तिथून ओल आत शिरते आणि धातू व लॅकर यांच्यामधून पुढे सरकत जाते. खाली बोटांचा घाम राहिला असेल तर त्यातले मीठ या कामाला हातभार लावते. शिवाय वर लॅकर असल्याने तो गंज पुसताही येत नाही. उघड्या पोलादावर लॅकर मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता सगळे लॅकर पेंट रिमूव्हरने काढा. भाग डिटर्जंटने धुऊन त्यावर पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर भाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन पाणी सुटले तर तेलकटपणा बाकी आहे, पुन्हा धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात भाग बुडवा आणि दर अर्ध्या तासाने ब्रशने घासून पाहा. गंज सुटला की लगेच बाहेर काढा. रात्रभर विसरलात तर चांगला धातूही खाल्ला जाऊन पृष्ठभाग काळपट, खरखरीत होतो. कडक स्प्रिंग या द्रावणात टाकू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

बाहेर काढल्यावर भाग साध्या पाण्याने धुवा, नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात (लिटरला साधारण १० ग्रॅम) बुडवून काढा आणि हीट गनने तत्काळ वाळवा. इथे पाच-दहा मिनिटांची दिरंगाईही महागात पडते, पिवळसर झाक लगेच चढते. यापुढे हातमोजे घालूनच भाग हाताळा. ६०० नंबरच्या कागदाने एकाच दिशेने घासून मंद चमक आणा. आरशासारख्या चमकेपेक्षा ती मूळ भागाच्या जास्त जवळची दिसते.

भाग हाताला चांगला गरम लागेल इतका तापवा आणि त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. थंड झाल्यावर मऊ कापडाने पुसून दुसरा हात द्या. मेण कायमचे नसते, पण उतरले की दहा मिनिटांत पुन्हा लावता येते. दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांनी लावत राहा. लिंकेजच्या सांध्यांत मात्र मेण नको. धूळ धरून ते घट्ट होतात; तिथे तेलाचा एक थेंब पुरे.

प्रश्न : सगळे नट-बोल्ट झिंक प्लेटिंगला द्यायचे आहेत. काही वगळावे लागतील का?

उत्तर : हो, आणि ही यादी गांभीर्याने घ्या. ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होते. असा बोल्ट आवळताना तुटत नाही. ताणाखाली काही तासांनी, कधी काही दिवसांनी अचानक तुटतो. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ हा ताकदीचा आकडा असलेले बोल्ट, इंची मापात डोक्यावर सहा रेघांचे बोल्ट, स्प्रिंग, स्प्रिंग वॉशर आणि सर्क्लिप वेगळे काढा. कनेक्टिंग रॉडचे आणि सिलिंडर हेडचे बोल्ट तर प्लेटिंगला देऊच नका. उरलेल्यांपैकी एखादा कडक भाग द्यायचाच असेल तर प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत साधारण २०० अंश सेल्सिअसला तो काही तास भाजून मिळेल का, हे आधी विचारा. झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक चकत्यांचा) लेप विजेशिवाय चढतो, त्यामुळे लेप देताना हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. मात्र भाग आधी ॲसिडने नव्हे, ब्लास्टिंगने (बारीक कणांचा जोराचा मारा करून) साफ करायला सांगा.

जुन्या बोल्टवर मुळात कॅडमियम असू शकते. त्याची धूळ आणि धूर विषारी असतो, म्हणून संशय असेल तर वायर व्हील फिरवू नका, तापवूही नका. प्लेटिंगनंतर आट्यांतले घर्षणही बदलते. कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर ताण जास्त बसतो.

प्रश्न : बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उष्णतारोधक रंग दोनदा मारला, दोन्ही वेळा पापुद्रे निघाले.

उत्तर : मेण इथे जळून जाईल, तेव्हा रंग किंवा ग्रॅफाइटची पेस्ट हेच पर्याय आहेत. बिडाच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. मॅनिफोल्ड तापला की ते वर येते आणि रंग उचलते. आधी तापवून तेल जाळा, मग ब्लास्टिंग करून घ्या. ६५० अंशांपर्यंत टिकणारा रंग साधा प्रायमर न लावता पातळ थरांत मारा. डब्यावर दिलेल्या टप्प्यांनीच, मधे थंड होऊ देत, तो भाजा. पहिल्याच वेळी इंजिन पूर्ण तापवले की फोड येतात.

प्रश्न : कार्ब्युरेटरची ॲल्युमिनियमची बॉडी कॉस्टिक सोड्याने उजळेल का?

उत्तर : सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि पुष्कळ कार्ब्युरेटर तर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यालाही तो सोडत नाही. व्हेपर ब्लास्टिंग (पाण्याबरोबर काचेच्या बारीक मण्यांचा मारा) करून घ्या, पण आधी जेट, सुया आणि बॉल काढा व सगळी भोके बंद करा. नंतर प्रत्येक वाटेत कार्ब क्लीनर मारून दुसऱ्या टोकातून धार सलग येते का पाहा. आयडलच्या बारीक वाटेत काचेचा एक मणी अडकला तरी इंजिन आयडलला धरत नाही.