भाकितांचा तक्ता आणि प्रार्थनेचा पत्ता

प्रिय बेटा,

सलाम.

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या तरुण संघाच्या सभेसाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. मेहनत दिसते. पण मधली दोन पानं काढून टाक. डावीकडे जुन्या करारातलं वचन, उजवीकडे ‘पूर्ण झाले’, असा जो तक्ता केलास तो. सभेला तुझे हिस्लॉप कॉलेजचे मित्र येणार, त्यातले बरेच ख्रिस्ती नाहीत, असं तूच लिहिलंस. त्यांच्यातल्या एखाद्याने घरी जाऊन जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचा अकरावा अध्याय उघडला, तर तक्ता पहिल्याच ओळीत कोसळेल.

तूच उघडून बघ. मिसरातून (इजिप्तमधून) मी आपल्या पुत्राला बोलावलं, असं तिथे देव म्हणतो. हे भाकीत नाहीच. होशेय इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात बोलतोय, आणि कधीचं घडून गेलेलं सांगतोय. पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र. लगेच पुढच्या वचनात हीच माणसं बआल या परक्या दैवताला बली देतात, मूर्तींपुढे धूप जाळतात. पहिली ओळ येशूला चिकटवली, तर दुसरीचं काय करणार?

मग मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, बाळ येशू मिसरातून परततो त्या प्रसंगाला, ती का लावली? त्याला पुढची ओळ माहीत नव्हती, असं समजू नकोस. हे शास्त्र त्याच्या रक्तात होतं. त्याला दाखवायचंय ते वेगळंच. इस्राएलचं सगळं आयुष्य हा एक माणूस पुन्हा जगतोय. आधी मिसर, मग पाणी (राष्ट्राला तांबडा समुद्र, येशूला बाप्तिस्मा), मग अरण्य. राष्ट्र अरण्यात चाळीस वर्षं होतं, येशू चाळीस दिवस. राष्ट्र जिथे जिथे घसरलं, तिथे तिथे हा पुत्र उभा राहिला. अरण्यात मोहात पाडणाऱ्या सैतानाला येशूने दिलेली तिन्ही उत्तरं बघ. तिन्ही ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. तिथे मोशे लोकांना त्याच अरण्यातली भूक आणि त्याच चुका आठवून देतोय. हे लक्षात आलं की मत्तयाची ती ओळ तक्त्यातल्यापेक्षा कितीतरी मोठी होते. तुझ्या भाषणाचा अर्धा वेळ एवढ्यावरच घालव, माझी हरकत नाही.

म्हणून वाचायचं दोनदा. आधी संदेष्ट्याच्या काळात उभं राहून, त्याच्या श्रोत्यांनी काय ऐकलं असेल ते. मग येशूच्या पुनरुत्थानाच्या बाजूने, मागे वळून. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू ज्यांना भेटला त्या दोन शिष्यांना शास्त्र ठाऊक होतं, तरी येशूने उलगडून सांगेपर्यंत त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. त्यामुळे ‘इतकं स्पष्ट असूनही यहुद्यांना कळत नाही’ हे तुझं वाक्य खोडून टाक. शिष्यांनाही कळलं नव्हतं.

यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायात जास्तच सांभाळून बोल. त्यात दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचं वर्णन आहे. आपण तो अध्याय गुड फ्रायडेला वाचतो आणि आपल्याला त्यात वधस्तंभच दिसतो. अकराव्या शतकातला फ्रान्सचा यहुदी भाष्यकार राशी म्हणतो, हा दुःखी सेवक म्हणजे राष्ट्रांच्या हातून सोसणारं इस्राएल. त्याला आधारही आहे: एकोणपन्नासाव्या अध्यायात देव ‘इस्राएला, तू माझा सेवक आहेस’ असंच म्हणतो. रथात बसून हाच अध्याय वाचणाऱ्या कूश देशाच्या अधिकाऱ्याने शुभवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारलेला प्रश्न तोच होता. संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच तो नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत नोंदवून ठेवलाय. फिलिप्पाचं उत्तर, येशूविषयी, तेच आपलं उत्तर. मात्र हा अध्याय ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसवला असं कोणी म्हणालं, तर मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेली यशयाची गुंडाळी त्याला सांग. ती येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची आहे आणि तो अध्याय तिच्यात आहे.

पुस्तकांच्या क्रमाचा मुद्दा दोन वाक्यांत आटप. आपला जुना करार मलाखीच्या पुस्तकापाशी, येणाऱ्या एलिया संदेष्ट्याची वाट बघत थांबतो. यहुद्यांचा तनाख, म्हणजे त्यांच्या क्रमातलं हेच शास्त्र, इतिहासाच्या पुस्तकापाशी, यरुशलेमला परत जा या पर्शियाच्या कोरेश राजाच्या आज्ञेवर. आपली पुस्तकं ३९ आणि कॅथोलिकांची ४६ का, यात शिरू नकोस, रात्र होईल.

एक गोष्ट मात्र वगळू नकोस. मार्सियन नावाच्या माणसाने जुना करार आणि त्याचा देव दोन्ही टाकून द्या म्हटलं, इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. ते शास्त्र मंडळीने ठेवलं, पण ज्यांचं होतं त्यांना झिडकारलं. युरोपात व्यासपीठांवरून शतकानुशतकं यहुद्यांना ख्रिस्ताचे मारेकरी म्हटलं गेलं, त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली. पौल प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात यहुदी नसलेल्या ख्रिस्ती माणसाला आधीच बजावलं होतं: इस्राएल मूळ, तू फांदी; तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय. कॅथोलिक मंडळीने १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेत तो आरोप अधिकृतपणे दूर केला. आणि यहुदी म्हणजे कोणी दूरदेशीचे, असंही बोलू नकोस. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी मंडळींनी याच जुन्या करारातल्या चरित्रांवर मराठीत कीर्तनं केली आहेत.

आता तुझ्या मित्राचा प्रश्न, ‘तुमचे देव एक की तीन बे?’ चिडू नकोस, बरोबर जागी बोट ठेवलंय त्याने. परमेश्वर एकच, हे अनुवाद सहामधलं वचन यहुदी घरांतले पहिले ख्रिस्ती लहानपणापासून म्हणत आले होते. पेत्र प्रेषिताने रोमी अधिकारी कर्नेल्याला पाया पडू दिलं नाही, प्रकटीकरणाच्या पुस्तकात देवदूतही पाया पडलेल्या योहानाला तसं करू देत नाही. पण थोमा हा शिष्य येशूला ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. यशया पंचेचाळीसमध्ये, माझ्यावाचून दुसरा देव नाही म्हणणारा परमेश्वरच सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. पौल तेच शब्द फिलिप्पैकरांच्या पत्रात येशूला लावतो, आणि शेवट करतो ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ असा. दुसरा देव शेजारी आणून बसवलेला नाही. एकाच देवाच्या उपासनेत पुत्र आहे. ही धर्माध्यक्षांच्या निकेयाच्या परिषदेची कल्पना म्हणशील, तर ती परिषद ३२५ सालची. सुमारे ११२ मध्ये रोमन अधिकारी प्लिनी सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. म्हणजे गाणं आधी, व्याख्या मागून.

शेवटी तुझी समारोपाची प्रार्थना. ‘हे स्वर्गीय पित्या, तू वधस्तंभावर आमच्यासाठी मेलास’ असं लिहिलंस! घाईत आपल्याकडे अनेकजण असं बोलून जातात, पण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने, पिताच वधस्तंभावर मेला या मताविरुद्ध, अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात, असा आपल्या प्रार्थनेचा जुना पत्ता आहे. ऑल सेंट्स चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी कान देऊन ऐक, नाहीतर मोहननगरच्या कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये. दोन्हीकडे प्रार्थना तशीच वळते. येशूला थेट हाक मारायला मनाई नाही, हुतात्मा स्तेफनाने मरताना तीच मारली. फक्त कोणाशी बोलतोयस ते एका वाक्यात दोनदा बदलू नकोस.

भाषण वीस मिनिटांत बसव. त्यानंतर आपल्या पोरांना टेबलावरचा केकच दिसतो.

तुझा,
काका