नॅट : राउटरच्या तक्त्यातील नोंदींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरातील लॅपटॉप, टीव्ही आणि मोबाइल या सर्वांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात, परंतु बाहेरच्या संकेतस्थळांना एकच वेगळा पत्ता दिसतो. मग उत्तर नेमके लॅपटॉपवरच कसे येते?

उत्तर : १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. असंख्य घरांत तेच पत्ते वापरात असल्यामुळे इंटरनेटवरून त्यांच्याकडे उत्तर पाठवता येत नाही. म्हणून लॅपटॉपचे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) बाहेर पडताना राउटर त्यावरील प्रेषकाच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो. पत्ते बदलण्याच्या या पद्धतीलाच नॅट (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन) म्हणतात. परंतु टीव्हीचे पॅकेटही त्याच पत्त्याने बाहेर पडणार असते, आणि हा गोंधळ पोर्ट क्रमांकामुळे, म्हणजे पत्त्यासोबत लिहिलेल्या व जोडणी ओळखणाऱ्या आकड्यामुळे, टळतो. समजा, १९२.१६८.१.५ हा पत्ता असलेल्या लॅपटॉपने ५१००० या पोर्टवरून विनंती पाठवली, तर राउटर तिला स्वतःचा एखादा मोकळा पोर्ट, उदाहरणार्थ ४०००१, देतो, ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवतो आणि मजकूर बदलल्यामुळे पॅकेटचा चेकसम (चूक ओळखण्यासाठीची बेरीज) नव्याने मांडतो. सर्व्हरचे उत्तर ४०००१ वर आले की ती नोंद पाहून राउटर मूळ पत्ता व पोर्ट पुन्हा लिहितो आणि पॅकेट लॅपटॉपकडे सोडतो. सर्व्हरला आतील पत्ता कधीच कळत नाही. पुढील सर्व उत्तरे या तक्त्यावरच अवलंबून आहेत.

प्रश्न : दुकानातील सीसीटीव्ही घरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, तरीही कॅमेरा दिसत नाही. चूक कुठे आहे?

उत्तर : पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तक्त्यात आपण स्वतः केलेली कायमची नोंद. ती अचूक असूनही उपयोग होत नसेल, तर आपला राउटर आणखी एका नॅटच्या मागे असण्याची शक्यता मोठी आहे. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातील शेवटचे मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. तेव्हापासून अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत विभागून देतात. यास कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. त्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. राउटरच्या स्टेटस पानावरील वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता या पट्ट्यातील असेल, किंवा आपला आयपी सांगणाऱ्या संकेतस्थळावरील पत्त्याशी जुळत नसेल, तर निदान बहुधा हेच आहे. सेवादात्याच्या तक्त्यात आपल्या कॅमेऱ्याची नोंद नसते आणि ती आपल्याला करताही येत नाही. अशा वेळी स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागावा, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउड सेवेचा आधार घ्यावा, कारण तेथे जोडणी कॅमेराच आतून सुरू करतो. माझा कल पहिल्या उपायाकडे असला, तरी कॅमेरा थेट उघडा न ठेवता व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) पाहावा.

प्रश्न : कार्यालयातील सर्व्हरशी केलेली एसएसएच (दूरच्या संगणकाला सुरक्षितपणे आज्ञा देण्याची) जोडणी थोडा वेळ काही टंकले नाही की तुटते. असे का?

उत्तर : निष्क्रिय नोंदी राउटर काही काळाने पुसतो. टीसीपीची (एसएसएच ज्या नियमावलीवर चालते तिची) जोडणी किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे इंटरनेटच्या मानकांत सांगितले आहे, परंतु बरीच उपकरणे एवढा वेळ थांबत नाहीत. एसएसएचच्या सेटिंगमध्ये दर मिनिटाला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) पाठवण्याची सोय सुरू करावी.

प्रश्न : नॅट असल्यावर फायरवॉलची गरज उरते का?

उत्तर : निश्चित उरते. नोंद नसलेले पॅकेट आत येत नाही, हा पत्ते बदलण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. १९९४ मध्ये नॅटचा प्रस्ताव मांडला गेला तो पत्त्यांच्या टंचाईवरील तात्पुरता उपाय म्हणून. शिवाय घरातील एखाद्या उपकरणात शिरलेले घातक सॉफ्टवेअर आतून बाहेर जोडणी करते तेव्हा राउटर तिची नोंद निमूटपणे करून देतो, आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेऊ देणारी सोय) चालू असेल तर ते आपल्या सोयीचा पोर्टही उघडून घेऊ शकते. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकत असल्याने सहसा नॅट नसतेच. म्हणून गरज नसल्यास यूपीएनपी बंद करावे आणि बाहेरून सुरू झालेली जोडणी नाकारण्याचा फायरवॉलचा नियम आयपीव्ही६ साठीही लागू आहे, याची खात्री करून घ्यावी.